मास्तरच्या नजरेतलं गाव

नांदूरघाटात, किंवा बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या कुठल्याही गावात, व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ची शेवटची पानं वेगळी लागतात. पाऊस दगा देतो, मेंढरं मरतात, धनगर वाडी सोडून जगायला जातात आणि शाळेच्या मास्तरपुढे बसायला पोर उरत नाही. बीडच्या वाचकाला हे दरसाल दिवाळीच्या आगेमागे दिसतं. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेल्या ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. काही पोरं आजीआजोबांकडे राहतात, उरलेली आईबापांबरोबर फडावर जातात. माडगूळकरांच्या वाडीवर हे संकट म्हणून येतं. इथे त्याला हंगाम म्हणतात.

कादंबरी १९५५ची. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ही त्याच वर्षी पडद्यावर आला. ‘बनगरवाडी’ला मात्र चित्रपट व्हायला चाळीस वर्षं थांबावं लागलं. १९९५ साली अमोल पालेकरांनी तो केला आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला. पटकथा माडगूळकरांचीच. त्यामुळे मूळ कादंबरीशी इमान राखलं गेलं, हे खरं. पण कादंबरीत जी अडचण झाकून राहते, ती पडद्यावर उघडी पडते.

कादंबरी मास्तर सांगतो. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळा पोरगा वाडीला पाहतो, वाडी त्याला जोखते, आणि त्याच्यामागून चालणाऱ्या वाचकाला तो स्वतः फारसा दिसत नाही. पडद्यावर तो प्रत्येक प्रसंगात धनगरांच्या शेजारी उभा दिसतो. कपडे वेगळे, बोलणं वेगळं. तो बाहेरचा आहे हे कादंबरीत हळूहळू उमगतं. चित्रपटात पहिल्या क्षणीच कळतं. मला हा तोटा वाटत नाही. वाडीकडे पाहणारी नजर कुणाची आहे, हे चित्रपट आपोआप सांगून टाकतो.

वाडीच्या कारभाऱ्याच्या भूमिकेत चंद्रकांत मांढरे. भालजी पेंढारकरांच्या १९५२च्या चित्रपटात शिवाजी महाराज झालेला हा नट इथे एका धनगरवाडीचं म्हातारपण अंगावर घेतो. त्यांच्या चेहऱ्यावरून कॅमेरा हलूच नये असं वाटतं, आणि काही वेळा तो हलतही नाही. त्याचा परिणाम असा की वाडीतली सत्ता, धाक, पंचायत सगळं एका रुबाबदार म्हाताऱ्याच्या मायेत विरघळतं. कादंबरीतला कारभारी याहून खडूस आहे. वाडीतल्या अंजी या मुलीच्या चोळीवरून मास्तरवर संशय घेताना तो चांगलाच टोचतो.

कादंबरीतली एक गोष्ट मात्र बीडमध्ये वाचली की अंगावर येते. वाडीतल्या शेकूकडे एकच बैल आहे, तेव्हा जोडीला दुसऱ्या बाजूने त्याची बायको खांदा लावते. मास्तर हे कमालीच्या संयमाने सांगतो, आणि आपण इतकी वर्षं त्या संयमाचंच कौतुक करत आलो. पण ऊसतोडीत हिशेबाचं एककच नवराबायकोची जोडी आहे. तिला ‘कोयता’ म्हणतात, एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. उचल जोडीवर ठरते. बाईने मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या, खाडा झाला की पैसे कापले जायचे. याच कामासाठी गर्भाशयं काढून टाकलेल्या बायकांचा प्रश्न २०१९मध्ये गाजला तो बीडमुळेच. शेकूची बायको काय म्हणाली असती, हे मास्तरच्या कथनात नाही. चित्रपटानेही तिला विचारलेलं नाही.

विचारणारी कादंबरी मराठवाड्यात लिहिली गेली. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ची. गावातल्या शिंप्याची बायको आपल्या बोलीत ती सांगते. मास्तरमार्फत काही कळत नाही, सगळं चुलीपाशी बसून ऐकायचं. अशी कादंबरी पडद्यावर आणायची तर कॅमेरा तिच्या बाजूने ठेवावा लागेल आणि तिची बोली ‘सर्वांना कळेल’ अशी धुऊन टाकता येणार नाही. दिग्दर्शकाला हे जड जातं, निर्मात्याला त्याहून जड.

मराठी रूपांतरांचा एकूण कल पाहा. जब्बार पटेलांनी १९७९मध्ये अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांचा मिळून एक चित्रपट केला, विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. तिथेही नजर दिगू टिपणीस या पत्रकाराची, म्हणजे साक्षीदाराचीच. पण निळू फुल्यांचा दिगू शेवटी वेडापिसा होतो. पाहणाऱ्यालाही पाहिल्याची किंमत मोजावी लागते, हे त्या चित्रपटाने सोडलं नाही. म्हणून तो ‘बनगरवाडी’पेक्षा मला अधिक धारदार वाटतो. २०१०च्या ‘नटरंग’ने आनंद यादवांच्या कादंबरीतल्या गुणाला जीवनगौरवाचा सोहळा बहाल केला आणि लोक लावण्या गुणगुणत बाहेर पडले. अलीकडे गावावरचं बरंच काही येतं, त्यात बोलीही असते. पण ती बहुतेक वेळा विनोदाला जुंपलेली. टोळीबरोबर जाणारी बाई त्यात असली तर मागच्या गर्दीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. तिच्या तोंडून गोष्ट सांगायला अजून कुणी धजलेलं दिसत नाही, आणि तिच्यावर लिहिणाऱ्यांतही मास्तरच जास्त आहेत.