‘सापडलं नाही’ म्हणजे नक्की काय? एएफ ४४७ च्या शोधावरचा एक पेपर

रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ हे विमान १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये कोसळलं. आत २२८ माणसं होती, एकही वाचलं नाही. अवशेष सापडले थेट ३ एप्रिल २०११ ला, सुमारे ३,९०० मीटर खोल. ‘गणिताने विमान शोधलं’ ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ज्यांनी ते गणित केलं त्या स्टोन, केलर, क्रात्स्के आणि स्ट्रम्पफर यांचा ‘स्टॅटिस्टिकल सायन्स’मधला २०१४ चा पेपर मात्र फार कमी जणांनी वाचलेला असतो. जरूर वाचा, पण पेन्सिल हातात घेऊन.

आधीची पार्श्वभूमी थोडक्यात. ब्लॅक बॉक्सवर पिंगर असतो, तो साधारण महिनाभर पाण्याखाली टिकटिक करतो. २००९ च्या जून-जुलैमध्ये जहाजांनी ती ऐकण्याचा प्रयत्न केला. काहीच ऐकू आलं नाही. मग सगळ्यांची नजर दुसरीकडे वळली. २०१० ची मोहीम तर तरंगत्या अवशेषांचा प्रवाह उलटा मोजून वायव्येला गेली. विमान होतं शेवटच्या ज्ञात ठिकाणापासून जेमतेम साडेसहा सागरी मैलांवर, म्हणजे जिथे ऐकून झालं होतं तिथेच.

आता माझा आक्षेप. लेखकांनी प्रत्येक पिंगर शाबूत राहण्याची शक्यता ०.८ धरली, आणि शाबूत असेल तर ऐकू येण्याची ०.९. पिंगर दोन. ते एकमेकांपासून स्वतंत्रपणे बिघडत असतील तर शोध लागण्याची शक्यता ०.९२ येते, जगले-मेले तर दोघं एकत्रच असं धरलं तर ०.७२. या दोन शक्यतांना ०.२५ आणि ०.७५ असं वजन देऊन उत्तर काढलंय ०.७७. दिसायला अगदी मोजलेला आकडा! पण त्यातलं ते पाऊण-पाव वजन म्हणजे तज्ज्ञांचं मत आहे. मत असण्यात वाईट काही नाही, बेजच्या पद्धतीत ते चालतंच. पण एका आकड्यात कोंबलं की वाचणाऱ्याला ते दिसेनासं होतं.

हेच आकडे सोडवून बघा. दोन्ही पिंगर मेलेले असण्याची शक्यता पहिल्या गृहीतात ०.०४, दुसऱ्यात ०.२. वजन देऊन बेरीज ०.१६. विमान त्याच भागात असूनही ऐकू न येण्याची एकूण शक्यता १ वजा ०.७७, म्हणजे ०.२३. मग विमान तिथेच आहे असं धरलं, तर शांततेचं कारण मेलेले पिंगर असण्याची शक्यता ०.१६ भागिले ०.२३, सुमारे ७० टक्के! लेखकांच्याच आकड्यांतून ही गोष्ट निघते. तरीही ‘दोन्ही पिंगर बंद’ धरून काढलेला नकाशा त्यांच्याकडे पर्यायी म्हणून येतो. विमान सापडलं ते मात्र त्याच नकाशाच्या सर्वाधिक शक्यतेच्या भागाजवळ. हा पर्याय नव्हताच, तो मुख्य नकाशाच्या पोटात लपलेला होता, असं माझं मत.

अर्थात दुसरा नकाशा शोध लागण्याच्या आधीच कागदावर होता, ही त्यांची प्रामाणिक बाजू. आणि एका यशावरून पद्धत सिद्ध होत नाही. विमान नकाशाच्या कोपऱ्यात निघालं असतं तरी गणित तितकंच बरोबर राहिलं असतं.

मला हे एवढं झोंबतं, कारण दुसऱ्या वर्षी मी तीन महिने ‘सिग्नल नाही’ याचा अर्थ ‘रेणू नाही’ असाच लावत बसले होते. डिटेक्टर तपासायचं सुचलं ते मार्गदर्शकांनी विचारल्यावर. तो कधीपासून बंद होता कोण जाणे. वहीतल्या सगळ्या नोंदी मात्र अगदी नीटनेटक्या.

विमानाचा एक पिंगर नंतर वर काढून तपासला. वीज जोडूनही त्यातून आवाज निघाला नाही.

वरचा हिशेब शाबूत राहण्याची शक्यता ०.८ ऐवजी ०.६ धरून एकदा करा. ७० टक्क्यांचं काय होतं, ते कमेंटमध्ये लिहा.