‘दोन संस्कृतींच्या कात्रीत’ : सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य लिहिण्याआधी

स्त्रिया आणि ओळख या विषयावर सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक वाक्य हमखास हातून उतरतं: ‘सदर स्त्रिया दोन संस्कृतींच्या कात्रीत सापडलेल्या आहेत.’ माझ्याही पहिल्या खर्ड्यात ते होतं. विषय होता नांदेडच्या हजुरी शीख स्त्रिया. गाईडनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘दोनच कशा? कुणी मोजल्या?’ तेव्हा राग आला होता. नंतर एक पुस्तक वाचलं आणि प्रश्न कळला. आज त्याच पुस्तकाची चिकित्सा करू.

पुस्तक आहे कॅरन लिओनार्ड यांचं ‘मेकिंग एथनिक चॉइसेस’, प्रकाशन १९९२. विषय कॅलिफोर्नियातली पंजाबी-मेक्सिकन कुटुंबं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातून पुरुष तिकडे शेतात राबायला गेले. त्यांत बहुतेक शीख होते. १९१७ च्या कायद्यानं भारतातून येण्याची वाट बंद झाली, त्यामुळे बायकांना आणता येईना. गोऱ्यांशी लग्नाला कायद्याची आडकाठी. मग अनेकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. परवाना देणाऱ्या क्लार्कला दोघांचा रंग सारखा वाटला की काम झालं. एका बहिणीचं असं लग्न झालं की ती दुसरीचंही जुळवून द्यायची. घरात स्पॅनिश, मुलं बहुतेक कॅथलिक, आडनाव सिंग. आणि बाप शीख असो वा मुसलमान, आजूबाजूचे लोक सगळ्यांना ‘हिंदू’च म्हणायचे!

आता यातून काय शिकायचं ते बघा. लिओनार्ड मुलाखती घेतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. त्या लग्नाच्या, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि कोर्टाची कागदपत्रंही तपासतात. १९१३ च्या कायद्यानं नागरिकत्वाला अपात्र परदेशी माणसांना जमीन घेता येईना, आणि १९२३ साली भगतसिंग थिंद खटल्यात भारतीय नागरिकत्वाला अपात्र ठरले. मग काहींनी जमीन अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावावर केली. म्हणजे ‘मूल अमेरिकन आहे’ ही गोष्ट त्या घरात भावनेची नव्हती, सातबाऱ्याची होती. घटस्फोटाचे खटलेही बरेच झाले. बायका कोर्टात गेल्या, तेव्हा भांडण घरकामाचं, पैशाचं, नवऱ्याच्या सोबत्यांना रांधून वाढण्याचं होतं. ‘संस्कृतिसंघर्ष’ हा आपला शब्द. त्यांच्या तक्रारीत चूल आणि पैसा होता.

पण पुस्तकावर माझे दोन आक्षेप आहेत. पहिला, शीर्षकातल्या ‘चॉइस’ या शब्दावर. बाजारात साडी निवडावी तशी ओळख निवडता येते, असा त्याचा सूर लागतो. पण पुस्तकातला पुरावाच त्याच्या उलट बोलतो. कुणाशी लग्न, कुठं जमीन, कागदावर कुठला रंग, हे कायदा आणि क्लार्क ठरवत होते. उरलेल्या जागेत बायकांनी संसार उभे केले. त्यांची हुशारी मोठी आहेच, पण त्या जागेची मापं कुणी काढली हे शीर्षकात येत नाही. दुसरा आक्षेप, गोष्ट पंजाबी पुरुषांच्या स्थलांतरापासून सुरू होते. त्या मेक्सिकन बायकाही क्रांतीच्या धामधुमीत सीमा ओलांडून आलेल्या होत्या. त्यांच्यापासून सुरुवात केली असती तर ‘मेक्सिकन’ ही ओळखही एकसंध दिसली नसती.

आता नांदेडला या. इथं १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. महाराजा रणजितसिंहांच्या काळात, १८३० च्या दशकात, तख्ताची वास्तू उभी राहिली. त्याच सुमारास त्यांनी निजामाकडे पाठवलेल्या फौजेत इथल्या काही घराण्यांची मुळं सापडतात. म्हणजे जवळपास दोनशे वर्षं. या घरांत दखनी, पंजाबी, मराठी अशा तिन्ही भाषा ऐकू येतात. १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं आणि दरबारची भाषा उर्दू. १९५६ ला हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. आजी, आई आणि लेक यांच्या शाळेची भाषा वेगळी असेल तर त्याचं कारण ‘संस्कृती’त शोधण्याआधी या तारखांत शोधा.

हे न समजता मी पहिल्याच मुलाखतीत एका आजींना विचारलं, ‘तुम्हाला पंजाबी वाटतं की मराठी?’ त्या गप्प झाल्या. मग चहा पुढं करत त्यांनी मला विचारलं, ‘बेटा, तुझं गाव कोणतं?’ मी उदगीर सांगितलं. ‘मग तू मराठी का कानडी?’ मला उत्तर देता येईना. माझ्या आजीचं माहेर बिदरकडचं. लग्न झालं तेव्हा उदगीर बिदर जिल्ह्यातच होतं. १९५६ नंतर माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या. पुढं १९८२ ला लातूर जिल्हा झाला. आजी जागची हलली नाही, हद्दी हलल्या. तिला ‘दुहेरी ओळखीची स्त्री’ म्हटलं असतं तर ती हसली असती.

माझा प्रश्न निरुपद्रवी नव्हता, हे तेव्हा कळलं. दोनशे वर्षं इथं असलेल्या घरात जाऊन ‘तुम्ही नक्की इथल्या का?’ असंच मी विचारलं होतं. लिओनार्ड यांच्या पुस्तकातही हे दुखणं आहे. १९६५ नंतर पंजाबातून नवी कुटुंबं कॅलिफोर्नियात आली आणि जुन्या मिश्र घरांतल्या मुलांना ती पंजाबी मानेनात. ‘खरं’ कोण हे ठरवणारा माणूस नेहमी बाहेरून येतो. कधी नातेवाईक बनून, कधी प्रश्नावली घेऊन.

तर सिनॉप्सिस लिहिताना एवढं करा. ‘दोन संस्कृती’ हे गृहीतक म्हणून लिहू नका, फार तर तपासायचा प्रश्न म्हणून लिहा. ‘तुम्ही कोण?’ याऐवजी विचारा: शाळा कुठल्या माध्यमाची होती, लग्न कुणी जुळवलं, जमिनीवर नाव कुणाचं, भांडताना कुठली भाषा येते. जोडीला रेशनकार्ड, शाळेचा दाखला, खरेदीखत बघायला मागा, अर्थात परवानगीनं. आणि तोच प्रश्न आधी स्वतःला विचारा. मला तो आजींनी विचारला म्हणून निभावलं. व्हायवात कुणी विचारला असता तर अवघड होतं.