न बोलणाऱ्या नायकाची साक्ष

पडद्यावरील खेळाची समीक्षा साहित्याच्या पानांवर करावी काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील. मुलांचा वेळ खातात म्हणून ज्या खेळांविषयी आपण घराघरांतून तक्रार करतो, त्यांपैकी एकाने तरी कथाकलेतला एक जुना प्रश्न नव्याने मांडला आहे : जो नायक बोलतच नाही, त्याला ओळखायचे कशावरून?

१९९५ साली जपानच्या स्क्वेअर कंपनीने 'क्रोनो ट्रिगर' हा खेळ काढला. हिरोनोबू साकागुची, युजी होरिई आणि चित्रकार अकिरा तोरियामा ही त्यामागची प्रमुख नावे. खेळणाऱ्याने पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे न्यावी, असा हा प्रकार. जत्रेत भेटलेल्या मार्ल या मुलीच्या शोधात क्रोनो हा तरुण इसवी सन १००० मधून ६०० मध्ये जातो. पुढे २३०० सालचे उद्ध्वस्त जग पाहिल्यावर, १९९९ साली ओढवणारा विनाश टाळण्यासाठी तो सोबत्यांसह अनेक युगांत वावरतो.

एकच भूमी निरनिराळ्या काळांत पाहण्याची ही कल्पना परळकरांना समजावून सांगावी लागत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. त्यापूर्वीचे परळ ज्यांनी पाहिले, त्यांना फिनिक्स मिलच्या आवारातील मॉलमध्ये शिरताना दोन काळ एकदम दिसतात.

सोबती हसतात, भांडतात. क्रोनो मात्र, एका गमतीदार शेवटाचा अपवाद सोडल्यास, बोलत नाही. त्याची वाणी खेळणाऱ्यासाठी मोकळी ठेवलेली आहे. होरिई यांनी 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये हीच रीत वापरली होती. तिचा दोष असा, की नायक पोकळ राहतो. क्रोनोला भीती वाटली काय, घरी एकट्या राहिलेल्या आईची आठवण झाली काय, हे आपल्याला कळत नाही. ही उणीव मान्य केलीच पाहिजे.

तरीही दोन प्रसंगी हे मौन सार्थ ठरते. राजकन्येला पळवल्याच्या आरोपावरून क्रोनोवर खटला चालतो. तेथे जत्रेतील त्याची बारीकसारीक कृत्ये पुढे येतात : हरवलेले मांजर मुलीला परत दिले की नाही, दुसऱ्याचे जेवण खाल्ले की काय? खेळणाऱ्याने ज्या गोष्टी सहज केल्या, त्याच साक्षीला उभ्या राहतात.

दुसरा प्रसंग मृत्यूचा. सोबत्यांना वाचवण्यासाठी लाव्हॉस नावाच्या संहारक शक्तीपुढे क्रोनो एकटा जातो आणि नाहीसा होतो. विशेष म्हणजे त्याला परत आणणे सक्तीचे नाही. त्याच्याविनाही कथा संपवता येते. ज्याने कधी काही मागितले नाही, तो आताही हाक मारीत नाही. त्याच्यासाठी अवघड पर्वत चढायचा की नाही, हे मागे उरलेल्यांनी ठरवायचे असते. या कलाकृतीचे खरे बळ मला येथे दिसते. मौन नायकाचे असले, तरी कसोटी भोवतालच्या माणसांची लागते.

संपानंतर परळच्या कितीतरी खोल्यांतून अशी अबोल माणसे बसून होती. त्यांनी काही सांगितले नाही, म्हणून सांगण्यासारखे काही नव्हते, असे आपण धरून चाललो. त्यांपैकी काही जण आजही आपल्यात आहेत. त्यांना विचारण्यासाठी काळ ओलांडावा लागत नाही. शेजारी बसले तरी पुरते.