अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना

आपल्या समीक्षकांनी कादंबरीची चिकित्सा केली, नाटकाची केली, नवकाव्यावर तर रणे माजवली. परंतु ज्या काव्यप्रकाराला कोणत्याही कविसंमेलनाहून मोठा श्रोतृवर्ग हमखास लाभतो, त्याच्याकडे त्यांचे लक्ष क्वचितच जाते. मी मंगलाष्टकांविषयी बोलतो आहे. एरवी चार ओळी न लिहिणारा मामा किंवा आत्येभाऊ घरात लग्न निघाले की कवी होतो, आणि त्याचे काव्य चारपाचशे माणसे हातात अक्षता घेऊन ऐकतात. ऐकतात असे म्हणायचे. वस्तुतः निम्मी मंडळी बोलत असतात आणि उरलेल्यांचे लक्ष पंगतीकडे असते.

या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला मिळाला तो माझ्याच फजितीतून. गेल्या वैशाखात माझ्या पुतणीचे लग्न झाले. तिचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, चार वर्षांपूर्वी वारले. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, मंगलाष्टके तुम्हीच लिहा. ते असते तर त्यांनीच लिहिली असती.” हा शब्द मोडणे शक्य नव्हते. मी तीन रात्री जागून आठ श्लोक रचले आणि मोठ्या समाधानाने पुतणीच्या हाती ठेवले.

तिने ते दोनदा वाचले आणि म्हणाली, “काका, चालीवर छान बसतात. पण एक विचारू? त्याची सगळी स्तुती आणि मला सगळ्या सूचना, असं का?” मी काही बोलणार तोच तिने पुढे विचारले, “आणि बाबा कुठे आहेत यात?” मी तिसऱ्या श्लोकावर बोट ठेवले. तिथे बंधूंचे नाव होते. ती म्हणाली, “नाव आहे हो. पण ते कुणाचंही असतं तरी चाललं असतं.”

एवढी नेमकी समीक्षा माझ्या लेखनाची आजवर कोणी केली नव्हती. कागद घेऊन मी परत आलो आणि स्वतःच्याच श्लोकांकडे परक्याच्या नजरेने पाहू लागलो.

मंगलाष्टकांचे नेहमीचे वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीत एकोणीस अक्षरे, बाराव्यावर यती. चाल भारदस्त, मंडप भरून टाकणारी. पण नवशिक्याला हे वृत्त फार छळते. अर्थ संपतो आणि अक्षरे उरतात. माझी पहिलीच ओळ पाहा :

आला आज सुयोग मंगल बरा, आनंद झाला घरा

यातला ‘बरा’ कशासाठी? बारावे अक्षर दीर्घ हवे होते आणि पुढच्या ‘घरा’शी यमक जुळत होते, एवढ्यासाठी. सुयोग बरा असतो हे सांगायला कवी लागत नाही. अशी भरतीची अक्षरे आपल्या मंगलाष्टकांत शोधू गेल्यास सुपाने गोळा करता येतील. त्यानंतर देवादिकांची यादी, नद्यांची यादी आणि शेवटी नातेवाइकांची यादी. नातेवाइकांच्या यादीचे कारण मला ठाऊक आहे : एखाद्या काकूचे नाव राहिले तर ती वर्षभर बोलत नाही. पण या यादीतच माझ्या बंधूंचे नाव बुडून गेले होते, आणि पुतणीला ते सापडूनही सापडले नव्हते.

याहून मोठा दोष सातव्या श्लोकात होता :

बाळे, सासर हेच मंदिर तुझे, सेवा करी सर्वदा

ही ओळ वृत्तात चोख बसते, आणि म्हणूनच ती मला लिहिताना खटकली नाही. आपल्या मनात पिढ्यानपिढ्या ठसलेला उपदेश वृत्तात आपोआप उतरतो. या उपदेशाचे मूळ शोधू लागलो तेव्हा मी कालिदासापाशी पोहोचलो. ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकात कण्वमुनी शकुंतलेला सासरी पाठवतात, त्या वेळचा त्यांचा उपदेश प्रसिद्धच आहे. वडीलधाऱ्यांची शुश्रूषा कर, सवतींशी मैत्रिणीसारखी वाग, पतीने दुखावले तरी रागाच्या भरात त्याच्याविरुद्ध जाऊ नकोस, असा त्याचा आशय. वृत्त शार्दूलविक्रीडितच! आपल्या मंगलाष्टककारांनी तो थोड्याफार फरकाने आजवर चालवला आहे.

पण तो अंक पुन्हा उघडून पाहिला, तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मुलीला उपदेश करण्याआधी कण्व जावयाला निरोप पाठवतात. आमच्याकडे पाहा, आपल्या कुळाकडे पाहा, नातलगांनी घडवून न आणता या मुलीने आपण होऊन तुझ्यावर प्रेम केले ते ध्यानात घे, आणि तिला इतर राण्यांच्या बरोबरीच्या मानाने वागव, असा तो निरोप आहे. त्याहीआधी, शकुंतला आज जाणार या विचाराने आपला कंठ दाटतो, मग संसारी बापांचे काय होत असेल, असे ते स्वतःशी म्हणतात. हे दोन्ही श्लोकही शार्दूलविक्रीडितातच आहेत. म्हणजे कालिदासाने एकाच वृत्तात बापाचे दुःख सांगितले, जावयाला जबाबदारी सांगितली आणि मग मुलीला उपदेश केला. आपण तिसरा श्लोक तेवढा उचलला आणि पहिले दोन नाटकातच ठेवून आलो. पुढे शकुंतलेला विसरतो तो दुष्यंत! शापामुळे का होईना, चूक त्याच्या बाजूने होते. तरी उपदेश मात्र तिलाच चालू राहिला.

ही एकतर्फी रीत आपल्या भाषेत कोणी मोडलीच नाही, असे नव्हे. जोतीराव फुले यांनी 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या पद्धतीचा पहिला विवाह झाला. 1887 साली त्यांनी समाजाच्या पूजाविधींचे पुस्तक काढले, त्यात मंगलाष्टकेही घातली. त्यांतली नवी गोष्ट अशी की तिथे वधू आणि वर स्वतः बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न काढते आणि वराकडून वचन मागते. वर ते देतो. काव्यगुणांच्या दृष्टीने त्यांत कोणी उणे काढील. परंतु जिच्याविषयी सारे बोलत असतात तिलाच बोलू देण्याची कल्पना मला तरी त्यांतली सर्वांत मोलाची वाटते. माझ्या पुतणीने जे विचारले ते जोतीरावांनी तिच्या पणजीच्याही आधी विचारून ठेवले होते. मीच ते वाचून विसरलो होतो.

यावरून मी माझ्यापुरत्या दोन कसोट्या ठरवल्या. पहिली : श्लोकातली नावे बदलून तो शेजारच्या मंडपात म्हणता आला, तर तो फाडावा. दुसरी : वधूला सांगितलेली प्रत्येक गोष्ट वराला सांगून पाहावी. ती हास्यास्पद वाटली तर ती वधूलाही सांगू नये.

ज्यांचे लग्न ठरले आहे त्यांना दोन शब्द सुचवतो. मंडप, जेवण, शालू यांची निवड तुम्ही महिनोन्महिने करता. मंगलाष्टके मात्र आदल्या रात्री कोणाच्या तरी खिशातून निघतात. ती महिनाभर आधी मागून घ्या. दोघांनी एकत्र बसून वाचा आणि जे पटत नाही ते काकांना स्पष्ट सांगा. काका रुसतील, पण सुधारतील. आठाचा हट्ट नको. जुन्या काळी घटिकापात्र बुडेपर्यंत वेळ भरून काढायचा असे. आता मुहूर्ताचा क्षण प्रत्येकाच्या मनगटावर आणि खिशात आहे. चार बरे श्लोक पुरतात. गाणारे एकच असावे, आणि ध्वनिक्षेपक आधी तपासून घ्यावा. पाहुण्यांनाही एक विनंती : अक्षता शेवटच्या ‘सावधान’पर्यंत मुठीत ठेवा आणि तेवढी पाच मिनिटे गप्पा थांबवा. त्या शब्दात दक्ष राहण्याची सूचना आहे, आणि ती केवळ नवरानवरीलाच आहे असे मी मानत नाही.

माझ्या आठांतले पाच श्लोक मी फाडले. सातव्यातल्या ‘बाळे’च्या जागी नवी ओळ आली :

दोघांनी मिळुनी घरास जपणे, दोघांस विश्रांतिही

हिच्यात काव्य थोडे आहे हे मला मान्य आहे. पण तिच्यावर जावयाने मान हलवली. तिसऱ्या श्लोकातली नातेवाइकांची यादी मी काढून टाकली. त्याबद्दल दोन काकू आणि एक मावसोबा अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलतात. तिथे बंधूंचे नाव आता नाही. माझ्या पुतणीला हसताना डोळे अगदी बारीक करण्याची सवय आहे, ती थेट त्यांची. म्हणून लिहिले :

बाबांचे हसणे तुझ्यात दिसते, आम्हां पुरे आज ते

लग्नाच्या दिवशी मी हा श्लोक म्हणू लागलो तेव्हा अंतरपाटाआडून मला पुतणीचा चेहरा दिसत नव्हता. समोर वहिनी उभ्या होत्या. ओळ संपताच त्यांनी मूठ घट्ट मिटली, आणि सगळीकडून अक्षता पडू लागल्या तरी ती बराच वेळ तशीच राहिली.