कामेरा देल्यी स्पोझी

कामेरा देल्यी स्पोझी : (वधूवर-कक्ष). इटलीतील प्रबोधनकालीन भित्तिचित्रांचे एक प्रख्यात दालन. मांतुआ (मांतोव्हा) येथील सान जोर्जो किल्ल्याच्या बुरुजात, सु. ८ मी. लांबीरुंदीच्या या चौरस दालनात दरबारी चित्रकार आंद्रेआ मांतेन्या (सु. १४३१–१५०६) याने १४६५–७४ या काळात ही चित्रे रंगविली. मांतुआचा अधिपती लूदोव्हीको गोंझागा (१४१२–७८) व त्याची पत्नी ब्रांडनबुर्गची बार्बरा यांचा गौरव हा त्यांचा हेतू होय. शयनगृह व भेटीचे दालन असा या कक्षाचा दुहेरी उपयोग होता. त्याचे प्रचलित नाव मात्र सतराव्या शतकातील आहे.

या नावामुळे विवाहसोहळ्याची अपेक्षा निर्माण होते. प्रत्यक्षात विवाहविधीचे दृश्य येथे नाही. हा विवाह १४३३ मध्ये झाला व चित्रे पुरी झाली, तेव्हा त्यास ४१ वर्षे लोटली होती. मांतेन्याने रंगविले आहे ते त्या विवाहातून उभे राहिलेले घराणे. उत्तर भिंतीवरील दरबारदृश्यात लूदोव्हीको हाती पत्र घेऊन सेवकाकडे वळला आहे. त्याच्या आसनाखाली कुत्रा विसावला आहे. समूहाच्या मध्याशी बार्बरा भारदस्तपणे बसली असून भोवती मुले व दरबारी आहेत. पश्चिम भिंतीवर, १४६१ मध्ये कार्डिनल झालेल्या फ्रांचेस्को या पुत्राची व पित्याची भेट दाखविली आहे. काही आकृत्या नाण्यांवरील मुद्रांसारख्या ताठर वाटतात. परंतु प्रौढ चेहरे सुंदर करून दाखविण्याचा मोह चित्रकाराने टाळला आहे. दरबारी आश्रयाखालील कलेत हा निर्भीड वास्तववाद विशेष मोलाचा ठरतो.

छताच्या मध्यभागी यथादर्शनाच्या साहाय्याने आकाशाकडे उघडणाऱ्या गोल झरोक्याचा आभास निर्माण केला आहे. त्याच्या कठड्यावरून स्त्रिया, पंखधारी बालके व एक मोर खाली डोकावतात. एका दांड्यावर तोललेली झाडाची कुंडी आता पडेल, असे वाटते. भोवतीच्या पाषाणसदृश रोमन सम्राटांच्या मुखाकृती घराण्याची प्रतिष्ठा वाढवितात, तर हा खेळकर झरोका त्या प्रतिष्ठेकडे मिस्किलपणे पाहतो. गांभीर्य व विनोद यांचा हा समतोल हेच या कक्षाचे खरे वैशिष्ट्य होय. पुढे कोररेद्जोच्या पार्मा येथील घुमटचित्रांत या आभासतंत्राचा विस्तार झाला. २०१२ च्या भूकंपानंतर बंद ठेवलेला हा कक्ष २०१५ मध्ये प्रेक्षकांस पुन्हा खुला झाला.