अन्ननलिकेतील सौम्य अर्बुदे : शस्त्रक्रियाविषयक वाङ्मयाचे परीक्षण

अन्ननलिकेतील सौम्य अर्बुदे विरळ आढळतात. कर्करोगाच्या मानाने त्यांचे प्रमाण फारच अल्प होय. साहजिकच त्यांच्यासंबंधीचे वाङ्मय बहुतांशी एकेका रुग्णाच्या वृत्तान्तांचे व लहान मालिकांचे बनले आहे. या वाङ्मयाचा एक दोष अभ्यासकाने आरंभीच ध्यानी घ्यावा. गाठ कशी काढली, याचे वर्णन त्यात सविस्तर असते. ती का काढली व पुढे काय झाले, हे मात्र पुष्कळदा दोन ओळींत उरकलेले असते.

या अर्बुदांत सर्वांत अधिक आढळणारे लायोमायोमा हे होय. ते अनैच्छिक स्नायूंपासून उद्भवते. म्हणून प्रायः नलिकेच्या खालच्या दोन-तृतीयांश भागातच सापडते. स्नायुतंतू विलग करून, आतील श्लेष्मल आवरण अभंग राखून गाठ सोलून काढणे, ही त्याची सर्वमान्य रीत. पूर्वी त्यासाठी छाती उघडावी लागे. १९९०नंतरच्या दशकात छातीत दुर्बीण घालून हे साधू लागले. २०१२ च्या सुमारास तोंडावाटे दुर्बीण घालून, श्लेष्मल आवरणाखाली बोगदा करून गाठ काढण्याची पद्धती पुढे आली.

ही प्रगती स्तुत्यच आहे. परंतु उपाय सुकर झाला म्हणून त्याची आवश्यकता वाढत नाही. लहान व त्रास न देणारे लायोमायोमा वर्षानुवर्षे तसेच राहू शकते; त्याचे कर्करोगात रूपांतर होणे अत्यंत दुर्मिळ. उलट आवरण फाटून ते ध्यानी न आल्यास छातीत पू होऊन रुग्णाच्या जिवावर बेतते. चिमट्याने वरवरचा तुकडा आधीच काढला असल्यास आवरण गाठीस चिकटते व हा धोका वाढतो. तेव्हा गिळण्यास अडथळा, गाठीची वाढ किंवा निदानाविषयी संशय यांपैकी कोणते कारण होते, हे वृत्तान्तात स्पष्ट नमूद असलेच पाहिजे.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची आहे. नलिकेच्या वरच्या भागातून लोंबणारे प्रचंड तंतुवाहिनीमय पॉलिप दीर्घकाळ सौम्य मानले गेले. २०१८ च्या सुमारास जुन्या नमुन्यांची जनुकीय चिन्हांच्या आधारे फेरतपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी अनेक मेदपेशींचे मारक अर्बुद, म्हणजे लायपोसार्कोमा, ठरले. ते काही वर्षांनी पुन्हा उद्भवू शकते. ज्या लेखात रुग्णाचे निरीक्षण काही महिन्यांतच संपते, त्यास ही गोष्ट कधीच दिसणार नाही.

तात्पर्य, असा वृत्तान्त वाचताना शस्त्रक्रियेच्या कौशल्याने दिपून न जाता तिचे कारण, निदानाचा पुरावा व निरीक्षणाचा काळ या तीन गोष्टी प्रथम शोधाव्यात. त्या नसतील, तर 'यशस्वी' या विशेषणास फारसा अर्थ उरत नाही.