क्रीडापत्र आणि संपादकाचे व्यक्तित्व

सामन्याचा निकाल कळला की क्रीडापत्राचा अंक शिळा झाला, अशी समजूत असल्यामुळे वाङ्मयाचे अभ्यासक या नियतकालिकांकडे सहसा वळत नाहीत. स्वीडनमधील ‘इद्रोत्सब्लादेत’ या पत्राचा इतिहास पाहता ही समजूत पुन्हा तपासणे अवश्य ठरते.

१८१३ साली पेर हेन्रिक लिंग यांनी स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची संस्था स्थापन केली. तेव्हापासून त्या देशात शरीरसंवर्धनाचा विचार शिस्त व आरोग्य यांच्या चौकटीत होत आला. १८८१ मध्ये विक्तोर बाल्क या लष्करी अधिकाऱ्याने ‘तिदनिंग फोर इद्रोत’ हे पत्र काढले. त्याची भूमिका मुख्यतः प्रचारकाची होती; वाचकाला खेळाकडे वळवावयाचे होते. १९१० मध्ये ‘इद्रोत्सब्लादेत’ निघाले आणि दोनच वर्षांनी स्टॉकहोम येथे ऑलिंपिक सामने भरले. आता खेळाडूच्या जोडीला प्रेक्षकही वाचक झाला होता.

१९१५ ते १९६७ अशी बावन वर्षे या पत्राचे संपादन तोर्स्तेन तेग्नेर यांनी केले. बालगीतांच्या विख्यात संगीतकार आलिस तेग्नेर यांचे हे चिरंजीव ‘टी. टी.’ या आद्याक्षरांनीच ओळखले जात. इतक्या दीर्घ संपादनामुळे पत्राला अभिरुचीचे सातत्य लाभते, हे खरे. परंतु त्याचबरोबर एका राष्ट्राची क्रीडास्मृती एका व्यक्तीच्या आवडीनिवडीतून गाळून पुढे येते, हेही विसरता येत नाही. म्हणून असे पत्र घटनांचा पुरावा म्हणून वाचताना ते प्रथम दृष्टिकोनाचा पुरावा म्हणून वाचले पाहिजे.

याहून गंभीर प्रश्न हौशीपणाच्या नियमाचा आहे. १९४२ च्या उन्हाळ्यात गुंडेर हेग या धावपटूने ब्याऐंशी दिवसांत दहा जागतिक विक्रम केले. पुढे पैसे स्वीकारल्याच्या कारणावरून १९४६ मध्ये त्याच्यावर आजन्म बंदी आली. धावण्याचा मोबदला धावपटूस निषिद्ध होता. त्या धावण्याचे वर्णन छापून विकणे मात्र कोणत्याही नियमाने निषिद्ध नव्हते. हा दोष एखाद्या संपादकाचा नव्हे, तर त्या काळातील व्यवस्थेचा होय. तथापि क्रीडापत्रांच्या इतिहासकाराने ही विषमता दृष्टीआड केल्यास त्याच्या हाती केवळ गौरवगाथा उरेल, इतिहास नव्हे.